बारा खणांचं घर

स्मरणिका समितीने माझ्याकडे मागितला होता सोसायटीच्या २५ वर्षांचा आर्थिक आढावा. पहिली काही वर्षं मी खजिनदार होतो, त्यामुळे त्यांचं म्हणणं रास्तच होतं. पण ते आकडे ताळेबंदात येणार, अध्यक्षांच्या मनोगतात येणार, आणि तिसऱ्यांदा ते वाचायची शिक्षा सभासदांना कशाला द्यायची? म्हणून समितीची परवानगी घेऊन मी विषय बदलला. या इमारती उभ्या राहण्याआधी आपण ज्या घरांत राहत होतो, त्या घरांचा हा थोडा इतिहास. आपल्या सोसायटीतले पन्नाशीच्या पुढचे बहुतेक जण अंबाजोगाई, केज, धारूर, परळी या भागातल्या माळवदाच्या घरात जन्मलेले आहेत. नातवंडांना मात्र माळवद म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागतं.

निमित्त झालं ते नातवाचंच. तो अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात शिकायला आहे. मागच्या हिवाळ्यात त्याने मोबाईलवर एका घराचे फोटो पाठवले. भिंत अशी, की जणू कुणी अंगणात सरपण रचून ठेवलंय. हात-दीड हात लांबीचे ओंडके आडवे, एकावर एक, आणि मध्ये चुन्या-सिमेंटचा गारा. ओंडक्यांची कापलेली गोल तोंडं आत-बाहेर दोन्ही अंगांना दिसतात. गारा सगळीकडे भरत नाहीत, आतल्या आणि बाहेरच्या कडेलाच भरतात. मधल्या पोकळीत चुना मिसळलेला लाकडाचा भुसा घालतात, त्यामुळे थंडी आत येत नाही. तिकडे आणि शेजारच्या कॅनडात अशी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची घरं अजून उभी आहेत. आता काही तरुण मंडळी हौसेने तशीच घरं पुन्हा बांधतात, छतावर सौर पट्ट्या लावतात आणि वीज कंपनीची तारही घेत नाहीत. नातवाने खाली लिहिलं होतं, "आजोबा, असलं घर तुम्ही कधी पाहिलंय का?"

मी त्याला लिहिलं, असलं नाही पाहिलं. आपल्या बालाघाटावर एवढं लाकूड कुठून आणायचं? पण वीज कंपनीच्या तारेशिवायचं, पायाखालच्या मातीचं घर मी नुसतं पाहिलेलं नाही. मी ते पाडलेलं आहे.

तर आता ते घर.

आपल्या गावाकडे जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेती, पांढरी म्हणजे गावठाण. हे नुसते रंग नाहीत. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिची भिंत केली तर पहिल्याच वर्षी तडे जातात. पांढरी माती ही माणसांच्या वस्तीने तयार झालेली माती आहे. शेकडो वर्षं घरं पडली, पुन्हा बांधली, चुलीची राख पडली, शेण-भुसकट कुजलं, आणि त्याचा हा मऊ, राखाडी, न फुगणारा, न भेगाळणारा थर झाला. पैठण, तेर इथे उत्खनन करणाऱ्यांनी असेच पांढरीचे उंचवटे खणले. पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं खोदकाम केलं. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची शंभराहून जास्त घरं निघाली, मातीच्या भिंतींची. म्हणजे आमच्या आज्याने भिंतीला जी माती वापरली, ती आधीच्या कुणाच्या तरी घराचीच होती. देशमुखांच्या गढ्या याच मातीच्या. गढी ओस पडली की गावकरी तिचीच माती टोपल्याने वाहून नेत आणि आपलं घर लिंपत.

आमचं गाव केज तालुक्यात. घर बारा खणांचं. नव्या मंडळींसाठी सांगतो, घर तेव्हा चौरस फुटांवर मोजत नसत, खणांवर मोजत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. खाली तळखडा, म्हणजे घडीव दगड. त्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर बारीक लाकडं दाटीने अंथरलेली, त्याला किलचन म्हणत. त्यावर लिंबाचा पाला, म्हणजे किडा-वाळवीला जरा आळा बसतो. पाल्यावर चिखलाचा थर, आणि त्यावर माती. सगळ्यात वर चोपणाची खारी माती. चोपण जमिनीत पीक येत नाही, शेतकरी तिला शिव्या देतो. पण ती ओली झाली की तिचे बारीक कण पसरून भोकं बुजवतात आणि पाणी खाली उतरू देत नाहीत. शेताला जी नको, ती डोक्यावर घेतली. सिमेंट कंपनीचा एजंट नव्हता तेव्हाचं हे वॉटरप्रूफिंग. श्रीमंतांकडे सागवान असे, आमच्याकडे बाभूळ आणि लिंब.

माळवद सपाट का, याचं उत्तर पावसात आहे. कोकणात उतरतं कौलारू छप्पर लागतं. आपल्याकडे तेवढा पाऊस नाही, पण मे महिन्यात ऊन ४२-४३ अंशांवर जातं. दीड फूट मातीतून उन्हाची धग खाली उतरायला दहा-बारा तास लागतात. ती आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि दारं-सवनं उघडी असतात. आपल्या गच्चीचा स्लॅब पाच इंचांचा. तो दुपारी चारला तापून रात्री बारापर्यंत आपल्याला शेकत राहतो. तीन वर्षांपूर्वी गच्चीला पांढरा रंग द्यायचा की पत्र्याची शेड करायची यावर आपल्या सर्वसाधारण सभेत जो दोन तास वाद झाला, तो आमच्या आज्याने ऐकला असता तर हसला असता.

सवनं म्हणजे माळवदाला ठेवलेलं भोक. त्यातून चुलीचा धूर वर जायचा आणि उजेड खाली यायचा. दुपारी उजेडाचा गोल तुकडा माजघरात सरकत जायचा, त्यावरून माय वेळ सांगायची. पाऊस आला की वर पळायचं आणि सवन्यावर परात पालथी घालायची. हे काम लेकरांचं. भिंतीत बळद होतं, त्यात वर्षाची ज्वारी मावायची. ढाळजेत पाहुणा, चौकात आड, आडाला बारमाही पाणी. गावात वीज आली तेव्हा मी सातवी-आठवीत असेन, आणि घरात यायला आणखी काही वर्षं गेली. हल्ली ज्याला 'ऑफ ग्रिड' म्हणतात, ते तेव्हा कुणी मुद्दाम करत नव्हतं. ग्रिडच नव्हती.

आता जरा दुसरी बाजूही सांगतो. नाहीतर म्हणाल म्हाताऱ्याला गावची आठवण आली की सगळं गोडच दिसतं. पावसाळ्यात माळवद गळायचं. रात्री दोन वाजता आबा पोतं डोक्यावर घेऊन वर जायचे आणि गळती जागा पायाने दाबत बसायचे. किलचनातून माती झिरपायची, भाकरीवर पडायची. विंचू तर पाहुण्यासारखे. माझ्या धाकट्या बहिणीला दोनदा चावला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, या घराचा सगळा भार बायकांच्या हातांवर होता. दर आठवड्याला शेणाने सारवण, दर दिवाळीला भिंतींना पांढऱ्या मातीचं पोतेरं, मृगाच्या आधी डोक्यावर माती वाहणं. मायच्या हाताच्या भेगा बारमाही असायच्या. माती टिकते, पण तिला दरवर्षी हात लागतो. तो हात कुणाचा, हे आपण कधी विचारलं नाही.

आता बँकेचा भाग. मी १९७४ साली नोकरीला लागलो. ७२ चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. खडी फोडणारी, सुकडी खाणारी माणसं अजून डोळ्यांसमोर होती. त्या दोन वर्षांत केज-पाटोदा भागात कित्येकांनी घराच्या कड्या आणि दारं काढून विकली होती. माळवदाचं घर हे असंही एक बचत खातं होतं. वेळ आली की लाकूड सोडवून विकता येई, आणि माती पुन्हा पांढरीत जाई.

पुढे मी कर्ज विभागात आलो. १९८२-८३ च्या सुमारास एक शेतकरी माळवद दुरुस्तीसाठी कर्ज मागायला आला. दोन तुळया बदलायच्या, थोडी माती उतरवायची, खांबांना टेके द्यायचे. रक्कम फार नव्हती. आमच्या अर्जात एक रकाना होता, 'घराचा प्रकार: कच्चे / पक्के'. भिंत माती-दगडाची, छत मातीचं, म्हणजे कच्चे. आणि कच्च्या घराला दुरुस्ती कर्ज नाही. मी त्याला समजावलं, नवीन स्लॅबचं घर बांध, त्याला कर्ज बसवून देतो. तो म्हणाला, "सायब, घर शंभर वर्सापासून उभं हाय. कच्चं कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. रकाना होता. मी फॉर्म परत केला. त्या रकान्याचा दोष एका बँकेवर टाकण्यात अर्थ नाही. जनगणनेतही मातीची भिंत कच्च्यातच मोजली जायची आणि सरकारच्या घरकुल योजनेतही पक्कं म्हणजे सिमेंटचंच. पण सही माझी होती. त्या माणसाचं घर पुढे काय झालं, ते मी कधी जाऊन पाहिलं नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. अंबाजोगाईतल्या मिरवणुका उशिरा संपल्या, आम्ही नुकतेच झोपलो होतो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मांडणीवरची भांडी वाजू लागली. आधी वाटलं मांजर आहे. मग पलंग हलला. सगळा वाडा बाहेर रस्त्यावर. किल्लारी इथून सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटर. सकाळी आकाशवाणीवर नाव ऐकलं तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी बँकेतले आम्ही काही जण ब्लँकेटं आणि भाकरी घेऊन गेलो. जे पाहिलं ते इथे लिहीत नाही. या स्मरणिकेत ते लिहायला नको, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते पाहिलेलं आहे. अधिकृत आकडा जवळपास आठ हजार मृतांचा आहे.

धक्का ६ रिश्टरच्या थोडा वरचा. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि याच्या शतांश माणसंही मरत नाहीत. मग इथे एवढी का मेली? मला तेव्हा सगळ्यांसारखंच वाटलं, माती-दगडाच्या घरांनी मारली. निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला, या विषयावरचे अहवाल मिळवून वाचले, तेव्हा उत्तर एवढं सरळ नव्हतं हे लक्षात आलं.

पहिली गोष्ट भिंतीची. अडीच-तीन फूट जाडीची, कुठे त्याहून जास्त. पण ती एक भिंत नसते. दोन पातळ भिंती, एक आतली आणि एक बाहेरची, आणि मध्ये चिपा-मातीची भरती. या दोघींना बांधून ठेवायला भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड मधून मधून घालावा लागतो. जुन्या गवंड्यांना ते ठाऊक होतं. पण तसा दगड घडवायला मजुरी लागते, म्हणून तो गाळला गेला. मातीत बसवलेले गोटे, आरपार दगड नाहीत. धक्का बसला की दोन्ही भिंती पोट फुगल्यासारख्या दोन दिशांना सुटल्या.

दुसरी गोष्ट माळवदाची. दरवर्षी मृगाच्या आधी बोटभर नवीन माती घालायची, ही रीत सगळ्यांनी पाळली. पण घालण्याआधी बोटभर जुनी खरवडून काढायची, ही रीतीची दुसरी बाजू लोक विसरले. आमचा आजा खोरं घेऊन आधी जुनी माती उतरवायचा, मला आठवतं. आबांच्या वेळी ते बंद झालं, कारण गडी मिळेनात. बँकेतला माणूस, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. दहा बाय बाराचा एक खण, त्यावर दीड फूट माती म्हणजे १८० घनफूट. एका घनफुटाला पन्नास किलोच्या आसपास धरले तर नऊ टन. एका खणाच्या डोक्यावर एवढं ओझं. काही ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या माती चढत जाऊन ती दोन फुटांच्याही वर गेली होती.

तिसरी गोष्ट वाचून मी पुस्तक मिटवून बसलो. जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, तिथे भिंती पडूनही माळवद बरेचदा खांबांवर उभं राहिलं. भिंतीचे दगड आत पडले तरी छत पडलं नाही. म्हणजे खण पद्धतीचं घर हे भिंतीवर तोललेलं घर नव्हतंच. ते खांबांवर उभं होतं, आणि भिंत नुसती पांघरूण होती. जिथे लाकूड परवडेना म्हणून खांब गाळले आणि कड्या थेट भिंतीवर टेकवल्या, तिथे भिंतीबरोबर सगळंच आलं. माती सगळीकडे तीच होती. फरक पडला तो काय घातलं आणि काय गाळलं, याने.

हे फक्त आपल्याकडचं नाही. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये याहून कितीतरी मोठा भूकंप झाला. तिथे मातीचे गोल भुंगे बरेचसे टिकले, आणि शेकडो किलोमीटर दूर अहमदाबादेत सिमेंटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. आपली इमारत त्याच काळातली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. बांधकामाच्या वेळी आपल्या पहिल्या कार्यकारिणीने प्रत्येक मजल्याच्या स्लॅबआधी सळई मोजायला अभियंता बोलावला, त्याची फी देताना काही सभासदांनी कुरकुर केली होती. ती नावं मी विसरलो आहे.

भूकंपानंतर सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम घेतला. लातूर-उस्मानाबादमधली ५२ गावं नव्या जागी सिमेंटच्या घरांत गेली. आखीव रस्ते, सारखी घरं, ढाळज नाही, चौक नाही, गुरं बांधायला जागा नाही. लोकांनी पुढे पत्र्याचे आडोसे जोडले. पण या कार्यक्रमाचा दुसरा भाग फारसा कुणाला आठवत नाही. आसपासच्या जिल्ह्यांत दोन लाखांच्या घरात घरांची दुरुस्ती आणि मजबुती करायची होती, पाडापाडी न करता. पद्धत साधी. भिंतीतला एक दगड अलगद काढून आरपार भोक पाडायचं, त्यात वाकडी केलेली सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे आरपार दगडच झाला. दारा-खिडक्यांच्या वर घराभोवती जाळी आणि सिमेंटचा पट्टा फिरवायचा. खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरपे टेके ठोकायचे. माळवदाची माती उतरवून वीतभर ठेवायची. मी १९८२-८३ ला ज्या शेतकऱ्याचा अर्ज परत केला होता, तो जवळपास हेच करायला पैसे मागत होता.

त्याची माहितीपुस्तिका ९४ च्या सुरुवातीला आमच्या शाखेत आली होती. मराठीत, आकृत्यांसह. अशा पुस्तिका महिन्याला दहा यायच्या. मी तिच्यावर आवक शिक्का मारला, सही केली आणि खणात टाकली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये आम्ही भावांनी गावचं घर पाडायचं ठरवलं. घर पडलं नव्हतं. पश्चिमेच्या भिंतीला वरून खालपर्यंत एक चीर गेली होती, बोट जाईल एवढी. पण गावात कुणी छताखाली झोपत नव्हतं. सहा महिने सगळं गाव शेतात, पत्र्याखाली, झाडाखाली. आबांचं वय सत्तर. आम्हाला वाटलं, उद्या काही झालं तर लोक काय म्हणतील, दोन लेकरं नोकरीला आणि बाप मातीखाली?

पाडायला गावातलेच म्हातारे गवंडी होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्यांनी माळवदाची माती उतरवली, भिंती मोकळ्या केल्या, आणि खांबांपाशी थांबले. म्हणाले, "भाऊ, खांबाला हात लावू नका. ह्यो सांगाडा हायसा ठिवा, भवतीनं इटाची भिंत घालून देतो. वरून पत्रा टाका, न्हाईतर हलकं माळवद करा." मी विचारलं, किती दिवस टिकेल? ते म्हणाले, "माझ्या आज्यानं बसवलेत. बुडाला बघा की." मी वाकून पाहिलं. तळखड्यावर बसवलेलं बूड कोरडं, वाळवीचा मागमूस नाही. धाकटा भाऊ म्हणाला, दादा, आता अर्धवट नको, सगळं एकदाच नवीन होऊ दे. आणि मी, कर्ज विभागातला अधिकारी, मनात रकाना भरला. कच्चे.

अंबाजोगाईच्या व्यापाऱ्याने सगळं लाकूड, दारं, चौकटी धरून अठरा हजारांना नेलं. त्यात बासष्ट हजारांची भर घालून तीन खोल्यांचं स्लॅबचं घर झालं. पहिल्याच उन्हाळ्यात आबांनी आपली बाज बाहेर लिंबाखाली काढली, ती पुढे पावसाळ्याचे दिवस सोडले तर कधी आत आली नाही. त्यांनी आम्हाला एका शब्दाने बोल लावला नाही. माय मात्र खुश होती. फरशीवरून ओलं फडकं फिरवताना म्हणायची, "सुटलं बाई पोतेरं. चाळीस वर्स सारवलं, आता ह्या हाताला जरा सुख." दोघांचंही खरं होतं, असं मला आज वाटतं, आणि दोघांनाही मी तेव्हा विचारलं नव्हतं.

पुस्तिका मला सापडली ९६ साली, बदलीच्या वेळी खण रिकामा करताना. पान उलटलं तर खांबाची, तुळईची आणि तिरप्या टेक्याची आकृती. मामा म्हणाले होते त्याहून थोडीशीच वेगळी.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं वर्ध्याला गेलो तेव्हा सेवाग्रामला बापू कुटी पाहिली. १९३६ ची. मातीच्या भिंती, बांबू, कौलं, आणि खाली सारवलेली जमीन, अजून नीट. कारण तिथे अजून कुणीतरी नियमाने सारवतं. गांधीजींचं म्हणणं होतं, घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या वस्तूंचं असावं. लॉरी बेकर नावाचे इंग्रज वास्तुविशारद त्यांना भेटले होते, त्यांनी ते वाक्य मनावर घेतलं आणि पुढे केरळात जन्मभर विटा, चुना, माती यांची स्वस्त घरं बांधली. अलीकडे पुण्याकडे काही तरुण वास्तुविशारदही माती-दगडात घरं बांधू लागलेत, असं ऐकतो. घरमालक बहुतेक शहरातले, शनिवार-रविवारी येणारे. माळवदाच्या घरात राहिलेला माणूस मात्र स्लॅबच मागतो. त्यात चूक काही नाही, त्याने पोतेरं केलेलं असतं.

२०१६ चा उन्हाळा आपल्याला आठवत असेल. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, आणि आपण टँकरच्या पावत्या गोळा करत होतो. त्या मे महिन्यात मी गावाला गेलो होतो. आमच्या जुन्या चौकातला आड तेवढा राहिला आहे, बाकी सगळी मोकळी जागा. बुजवायचा म्हणून भाऊ मागे लागला होता, तेवढं मात्र मी होऊ दिलं नव्हतं. दोर सोडून पाहिलं. तळाला ओल होती, पाणी नव्हतं. आडाचंही माळवदासारखंच, दरवर्षी गाळ काढावा लागतो. आम्ही बावीस वर्षांत एकदाही काढला नव्हता. पुढच्या वर्षी काढला. आता संक्रांतीपर्यंत पाणी असतं.

नातवाने परवा फोनवर विचारलं, त्या घरातलं काही उरलंय का? उरलंय. व्यापारी लाकूड भरत होता तेव्हा माजघरातली एक तुळई मामांनी बाजूला ठेवली, म्हणाले, "ही एक राहू द्या." बाभळीची, नऊ फुटांची. सहा वर्षं ती गावी गोठ्याला टेकून उभी होती. २००० साली सोसायटीची नोंदणी झाली आणि पुढे इमारत पूर्ण झाली तेव्हा मी ती टेंपोत घालून इथे आणली. सुताराने तिचे दोन तुकडे करून त्यावर फळ्या बसवल्या. बी विंगच्या जिन्यासमोरचा बाक तो हाच. त्याच्या डाव्या पायाला एक चौकोनी खाच आहे. मुलं त्यात चेंडू अडकवून ठेवतात. तिथे तुळई खांबावर बसत होती. सचिवांनी मागच्या सभेत तो बाक काढून स्टीलचे बाक घेण्याचा विषय मांडला होता, तो पुढे ढकलला गेला आहे. पुढच्या सभेत मी त्याला विरोध करणार आहे, हे या निमित्ताने लेखी कळवून ठेवतो. तेलपाण्याचा खर्च माझा.